काडीच्या आत लिहिलेला देश

चष्म्याच्या दुकानात फ्रेम हातात आली की गिऱ्हाईक आधी ती नाकावर चढवून आरशात बघतं. मग ती काढून काडीच्या आतली बारीक अक्षरं वाचू लागतं आणि विचारतं, ‘ही चायनाची आहे की चांगली आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहज विचारला जातो की ‘चायना’ आणि ‘चांगली’ हे विरुद्धार्थी शब्द असावेत असं वाटावं. त्याच काउंटरवर दुकानदार दुसरा ट्रे पुढे सरकवतो, ‘ही इंपोर्टेड आहे’ म्हणतो, आणि ऐकणारा ती फ्रेम जरा जपूनच उचलतो. खरं पाहिलं तर दोन्ही फ्रेम्स देशाबाहेर बनलेल्या आहेत आणि दोन्ही आयात होऊनच इथे आल्या आहेत. तरी एका आयातीला आपण हलकं समजतो आणि दुसरीला मान देतो. ‘चायना’ आणि ‘इंपोर्टेड’ हे दोन शब्द पुढच्या दोन-तीन वर्षांची आपली खरेदी ठरवतात. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जी वस्तू चेहऱ्यावर राहणार, तिच्याबद्दलचा निर्णय असा दोन शब्दांवर सोडणं बरं नाही.

फ्रेम कुठे बनली हे विचारण्यात काहीच गैर नाही, विचारलंच पाहिजे. अडचण अशी की त्या एका उत्तरावरून आपण तीन वेगळ्या गोष्टी एकदम ठरवून टाकतो. ही फ्रेम टिकेल का, ती घालून चारचौघांत मी कसा दिसेन, आणि हा पैसा त्या देशाकडे जाणं मला पटतं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देशाच्या नावात सापडू शकतं. दुसऱ्याचंही थोडंफार सापडतं. पहिल्याचं मात्र जवळपास सापडतच नाही, आणि नेमका तोच प्रश्न डोळ्यांच्या आणि खिशाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे. टिकाऊपणाचं उत्तर फ्रेमच्या धातूत, बिजागरीत, मापात आणि ती विकणाऱ्या माणसाच्या जबाबदारीत असतं. ते तिथे कसं शोधायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

देशाच्या नावाने आपली नजर किती बदलते, याचा अभ्यास साठ वर्षांपासून चालू आहे. रॉबर्ट स्कूलर या अमेरिकी संशोधकाने १९६५ मध्ये ग्वाटेमालातल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना फळांचा रस आणि कापडाचा तुकडा एकच दिला होता, फक्त त्यावरच्या देशाच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या होत्या. कोस्टा रिका आणि एल साल्वादोर ही नावं असलेल्या मालाला कमी गुण मिळाले. रस तोच होता, कापडही तेच होतं. भारतीय ग्राहकांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की परदेशी, त्यातही पाश्चात्त्य वाटणाऱ्या ब्रँडची आपल्याला वाटणारी ओढ केवळ गुणवत्तेच्या अंदाजातून येत नाही. प्रतिष्ठेचा वाटा तिच्यात वेगळा असतो, आणि जी वस्तू लोकांच्या नजरेत भरते तिच्या बाबतीत तो आणखी मोठा असतो. आता चष्म्यापेक्षा जास्त नजरेत भरणारी वस्तू कोणती? बनियनवर कुठला देश छापला आहे याची चौकशी कोणी करत नाही, फ्रेमची करतात. त्यामुळे या खरेदीत आपली नजर फसण्याची शक्यता इतर खरेदीपेक्षा जास्त आहे, हे आधीच मान्य करून दुकानात शिरावं.

शिवाय देशांची ही पत कायमची नसते. ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा करून बाहेरच्या मालावर मूळ देश छापणं भाग पाडलं. शेफिल्डच्या सुऱ्या-कात्र्यांची नक्कल करणाऱ्या जर्मन मालापासून इंग्रज गिऱ्हाइकाला सावध करावं, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. पुढे काही दशकांतच ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरं पाहून लोक जास्त पैसे मोजू लागले. जपानचंही तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे स्वस्त आणि कचकड्याचा, अशी जगभर समजूत होती. आज चष्म्याच्या धंद्यात जपानी टायटॅनियम हा शब्द सोन्यासारखा वापरला जातो. ज्या कारागिरीला ही कीर्ती मिळाली ती काही रातोरात उगवली नव्हती. फुकुई प्रांतातल्या साबाए परिसरात १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन यांनी हिवाळ्यात रिकाम्या बसणाऱ्या शेतकऱ्यांना हाताशी धरून चष्मे घडवायला सुरुवात केली, आणि आज जपानात बनणाऱ्या फ्रेम्सपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त त्याच भागातून येतात. म्हणजे कसब आधीपासून होतं. जगाच्या नजरेत ते फार उशिरा भरलं.

फ्रेम प्रत्यक्षात कशी तयार होते ते पाहिलं की ‘कुठली आहे’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं किती अवघड आहे ते कळतं. जाड, रंगीत, कासवाच्या पाठीसारख्या नक्षीच्या फ्रेम्स ज्या अ‍ॅसिटेटच्या असतात, ते कापसाच्या आणि लाकडाच्या तंतूंपासून बनतं. त्याच्या पत्र्यांसाठी नावाजलेली मात्झुकेल्ली ही इटालियन कंपनी १८४९ पासूनची आहे, आणि तिचे पत्रे जगभरच्या कारखान्यांत कापले जातात, चीनमध्येसुद्धा. वजनाला हलक्या, वाकवली तरी न तुटणाऱ्या टीआर-९० फ्रेम्स आपल्या बाजारात सर्रास ‘चायना’ म्हणून विकल्या जातात, पण टीआर-९० हे मुळात एका स्विस कंपनीच्या नायलॉनचं नाव आहे. चांगल्या बिजागऱ्या आणि स्क्रू बनवणारे नामांकित कारखाने जर्मनी, फ्रान्स आणि इटलीत आहेत आणि ते सगळ्यांना माल पुरवतात. याच्या उलटही घडतं. युरोपीय कायद्याप्रमाणे वस्तूचा मूळ देश म्हणजे जिथे तिच्यावर शेवटची महत्त्वाची प्रक्रिया झाली तो देश. त्यामुळे इटलीचं नाव असलेल्या फ्रेमचे काही भाग दुसरीकडे घडलेले असू शकतात, आणि त्यात कायद्याचा भंगही नसतो.

ब्रँडच्या नावावरून देश ओळखणं तर त्याहून कठीण. रे-बॅनचंच पाहा. हे नाव १९३७ मध्ये बॉश अँड लॉम्ब या अमेरिकी कंपनीने बाजारात आणलं. १९९९ मध्ये ते इटलीच्या लक्झॉटिकाने विकत घेतलं, आणि २०१८ मध्ये लक्झॉटिका फ्रान्सच्या एसिलोरबरोबर एक झाली. लक्झॉटिकाची सुरुवात १९६१ मध्ये लिओनार्दो देल वेक्किओ यांनी आगोर्दो या डोंगराळ गावात केली. हा बेल्लुनो प्रांत म्हणजे इटालियन चष्म्यांचं माहेर, तिथल्या कादोरे खोऱ्यात १८७८ पासून चष्मे बनताहेत. पण याच कंपनीचा मोठा कारखाना चीनमधल्या डोंगुआनला आहे, आणि राजस्थानातल्या भिवाडीलाही आहे. त्याच भिवाडीत लेन्सकार्टचाही अवाढव्य कारखाना आहे. टायटनचा चष्म्यांचा कारखाना कर्नाटकात चिक्कबल्लापूरला आहे. प्राडा, शनेल, अर्मानी अशी फॅशनची जी नावं काड्यांवर झळकतात, त्यांतल्या बऱ्याच फ्रेम्स त्या घराण्यांनी स्वतः घडवलेल्या नसतात. नाव वापरण्याचा परवाना घेऊन लक्झॉटिकासारख्या कंपन्या त्या बनवतात. म्हणजे नाव एका देशाचं, मालकी दुसऱ्याची, पत्रा तिसऱ्याचा आणि यंत्र चौथ्याचं, असा संसार एका चाळीस ग्रॅमच्या वस्तूत एकत्र नांदतो. यातला कुठला देश आपण गुणवत्तेची खूण मानणार?

यावर लगेच येणारी हरकत खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. लोक म्हणतात, तुमचं तत्त्वज्ञान राहू द्या, आम्ही घेतलेल्या चायना फ्रेमचा मुलामा चार महिन्यांत उडाला, काडी ढिली पडली, नाकाशी हिरवं चढलं. हा अनुभव खोटा नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष तपासून घ्यायला हवा. चीनमध्ये वेनझोऊ, शेन्झेन, शियामेन अशी चष्म्यांची मोठमोठी केंद्रं आहेत आणि तिथे सगळ्या दर्जाचा माल बनतो. कुठल्या दर्जाचा माल इथे यायचा, ते तिथला कामगार ठरवत नाही. इथला आयातदार कोणत्या भावाची ऑर्डर देतो त्यावर ते ठरतं, आणि आयातदार आपल्या मागणीकडे बघून ऑर्डर देतो. ‘अडीचशेत फ्रेम द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक जास्त असेल, तर मुलाम्याचा थर पातळ असणार, बिजागरीचा स्क्रू हलका असणार. तोच कारखाना दुसऱ्या देशातल्या नामांकित ब्रँडसाठी जाड मुलाम्याच्या, नीट घासून पॉलिश केलेल्या फ्रेम्स पाठवत असतो. आपल्या वाट्याला आलेला वाईट माल हा त्या किमतीचा माल आहे. हीच किंमत घेऊन दिल्लीच्या किंवा मुंबईच्या एखाद्या कारखान्यात गेलात तर तिथेही मुलामा तेवढाच पातळ मिळेल. गिऱ्हाइकाच्या हातात यातून एक गोष्ट येते. देशाच्या नावावर घासाघीस करण्याऐवजी त्याने दुकानदाराला विचारावं की याच आकारात पाचशे रुपये जास्त दिले तर नेमकं काय बदलतं. धातू बदलतो की नुसतं नाव? उत्तर देताना दुकानदार फ्रेम उघडून बिजागरी दाखवू लागला, तर तुम्ही बऱ्या दुकानात आहात.

मग फ्रेममध्ये बघायचं काय? सुरुवात ती कशाची आहे तिथून करावी, कारण कोकणपट्टीतला घाम आणि विदर्भातलं ऊन यांना देशाचं नाव वाचता येत नाही. स्वस्त धातूच्या फ्रेम्स बहुधा निकेल आणि तांबं यांच्या मिश्रधातूच्या असतात. वर मुलामा असतो तोवर त्या छान दिसतात. घामाने मुलामा सुटला की आतलं तांबं हवेशी संयोग पावून हिरवट थर धरतं, आणि निकेलमुळे काही जणांच्या नाकावर, कानामागे खाज सुटून पुरळ येतं. निकेलच्या या त्रासामुळे युरोपने १९९४ मध्ये नियम केला, आणि त्वचेला सतत चिकटून राहणाऱ्या वस्तूंमधून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये अशी मर्यादा घातली. ज्यांना नकली कानातल्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने खाज येते, त्यांनी धातूची फ्रेम घ्यायचीच असेल तर टायटॅनियमची घ्यावी. टायटॅनियमचं वजन त्या मिश्रधातूच्या साधारण निम्मं असतं आणि घामाने ते गंजत नाही. मात्र इथे एक खाचखळगा आहे. हाताने पिळली तरी पुन्हा सरळ होणारी ‘मेमरी मेटल’ची फ्रेम टायटॅनियमची म्हणून दाखवतात, पण त्या धातूत निम्म्याहून थोडं जास्त निकेलच असतं. काही फ्रेम्समध्ये फक्त काड्या टायटॅनियमच्या आणि पुढचा भाग वेगळ्याच धातूचा असतो. म्हणून ‘टायटॅनियम आहे का’ एवढ्यावर थांबू नये. ‘पुढचा भाग आणि काड्या, दोन्ही टायटॅनियमच्या आहेत का, आणि तसं बिलावर लिहून द्याल का’ असं विचारावं.

अ‍ॅसिटेट त्वचेला सहसा त्रास देत नाही आणि त्याचा मोठा गुण असा की गरम हवेवर धरून ते तुमच्या कानानाकाच्या बेताने वाकवता येतं. वर्षभराने कडा पांढरट झाल्या तर चांगल्या जाडीची फ्रेम पुन्हा पॉलिशही करता येते. तिचा शत्रू उष्णता. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली अ‍ॅसिटेटची फ्रेम वाकडी होणारच, मग ती इटलीची असो की कुठलीही. टीआर-९० हलकं आणि चिवट, मुलांसाठी आणि खेळणाऱ्यांसाठी चांगलं, पण ते सहज वाकवून बेतता येत नाही. त्यामुळे दुकानात घातल्या घातल्या नीट बसली तरच ती घ्यावी. ‘नंतर आवळून देतो’ या आश्वासनाचा टीआरच्या फ्रेमला फारसा उपयोग नाही.

जोडणी तपासायला कुठलं यंत्र लागत नाही. फ्रेम काड्या उघडून टेबलावर उलटी ठेवा. चारही टेकू सारखे टेकले पाहिजेत, एखादा अधांतरी राहिला तर फ्रेममध्ये पीळ आहे. काड्या सावकाश मिटवा. दोन्हींना सारखाच जोर लागायला हवा आणि मध्येच खट्कन अडखळू नये. बिजागरी डोळ्यांजवळ नेऊन बघा. ती फ्रेमच्या आत खोल बसवलेली आहे की वरून चिकटवलेली, हे नुसत्या नजरेला कळतं. डिंक दिसत असेल किंवा कोपऱ्यावर झाळण्याचा गोळा राहिला असेल, तर ठेवून द्या. फ्रेम्ससाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात काडी पाचशे वेळा उघडमीट करण्याची, घामासारख्या द्रावणात ठेवण्याची आणि पंचावन्न अंश सेल्सिअसला तापवण्याची चाचणी आहे. दुकानात हे सगळं करता येणार नाही, पण कशाची परीक्षा घ्यायची ते मात्र यावरून कळतं. बिजागरी, घाम, उष्णता. देशाचं नाव या चाचणीत कुठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

काडीच्या आत देशाच्या नावाशेजारी जे आकडे असतात, त्यांच्याकडे आपलं लक्ष सहसा जात नाही. खरं तर तीच फ्रेमवरची सगळ्यांत उपयोगी माहिती आहे. समजा ‘५२ □ १८ – १४०’ असं लिहिलं आहे. पहिला आकडा म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी, तिसरा काडीची लांबी. पहिले दोन मिळवले की ७०. आता तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ६२ असेल, तर प्रत्येक काचेचा मध्य चार मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागेल. वजा नंबर मोठा असेल तर बाहेरच्या कडेची जाडी त्याने वाढते, काच जड होते आणि कडेतून बघताना दृश्य वाकतं. त्याऐवजी ४८ □ १८ घेतली तर सरक फक्त दोन मिलिमीटरची. म्हणजे दोन हजार रुपये जास्त देऊन पातळ काच घेण्याआधी फ्रेम चार मिलिमीटर लहान निवडणं शहाणपणाचं आहे. प्रोग्रेसिव्ह काचा घालणाऱ्यांसाठी तर फ्रेम कशी बसते यावर सगळंच अवलंबून असतं. दूरचं, मधलं आणि जवळचं बघण्याच्या जागा बाहुलीच्या समोर ठरावीक उंचीवर आल्या पाहिजेत, आणि फ्रेम दिवसभर घसरत राहिली तर हजारो रुपयांच्या काचा वाया जातात. अशा माणसाला दोन मिलिमीटर घसरणारी इटालियन फ्रेम काय कामाची?

इथे देशाचा एक खराखुरा संबंध येतो, आणि तो मान्य करायला हवा. फ्रेम कुठे बनली यापेक्षा ती कुणाच्या चेहऱ्यासाठी आखली आहे, हे महत्त्वाचं असतं. युरोपीय बाजारासाठी आखलेल्या अ‍ॅसिटेटच्या बऱ्याच फ्रेम्समध्ये नाकाचा पूल अरुंद आणि उंच नाक गृहीत धरून आखलेला असतो, आणि नाकाला टेकणारा भाग फ्रेममध्येच घडवलेला असतो. ज्यांच्या नाकाचा कणा बसका आहे त्यांच्या गालांवर ती फ्रेम टेकते आणि हसलं की वर उचलली जाते. अशांनी हलवता येणाऱ्या नोज पॅडची धातूची फ्रेम घ्यावी, किंवा आशियाई चेहऱ्यांसाठी काढलेला त्याच मॉडेलचा वेगळा प्रकार मागावा. बऱ्याच मोठ्या ब्रँडचे असे प्रकार मिळतात, पण मागितल्याशिवाय दुकानदार ते पुढे करत नाही.

दुसरी हरकत स्वदेशीची. ती गुणवत्तेच्या हरकतीपेक्षा वेगळी आहे आणि तिला वेगळाच मान द्यायला हवा. महाराष्ट्राला ही भाषा नवी नाही. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. लोकांनी एकेक पैसा देऊन जमवलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, कारण बांगडीपासून चिमणीपर्यंत काच बाहेरून येत होती. तो उभारणाऱ्यांनी परदेशी काच वाईट आहे असा दावा केला नव्हता. आपली काच आपण बनवली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २०२० मध्ये गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर चिनी मालावर बहिष्काराची जी लाट आली, तिच्यात मात्र दोन गोष्टींची गल्लत झाली. चिनी फ्रेम नको, कारण तिकडे पैसा जाऊ नये असं वाटतं, हे एक. चिनी फ्रेम नको, कारण ती टाकाऊ असते, हे दुसरं. चीनमधल्या नानजिंग शहरातल्या ग्राहकांच्या जपानी मालाबद्दलच्या वृत्तीचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानी सैन्याने १९३७ मध्ये केलेल्या हत्याकांडाची आठवण तिथे ताजी आहे. जपानविरोधी भावनेमुळे लोक जपानी वस्तू घ्यायला नाखूश होते, आणि ही नाखुशी मालाच्या दर्जाबद्दलच्या त्यांच्या मतावर अवलंबून नव्हती, असं त्यात दिसून आलं. ते लोक आपल्या मनाशी प्रामाणिक होते. आपणही तेवढं प्रामाणिक राहावं. नैतिक कारणासाठी चिनी फ्रेम नाकारायची असेल तर ती खुशाल नाकारावी, त्यासाठी तिच्या धातूला नावं ठेवण्याची गरज नाही. पण असं ठरवलंच असेल तर अर्ध्यावर थांबू नये. भारतीय ब्रँडच्या नावाने विकली जाणारी फ्रेमसुद्धा बाहेर बनलेली असू शकते. तिच्यावरचा मूळ देश वाचावा, काचा कुठे बनल्या तेही विचारावं. देशी फ्रेम निवडतानाही बिजागरी आणि माप तपासावंच. स्वदेशीच्या नावावर ढिली काडी पदरात घेतली तर त्या कारखान्याला सुधारण्याचं कारणच उरत नाही.

तिसरी हरकत उलट बाजूने येते. इटालियन, जपानी फ्रेम महाग आहे म्हणजे त्यात काही तरी असेलच ना? असतं, आणि अनेकदा भरपूर असतं. साबाएच्या टायटॅनियममधली झाळण, कादोरेच्या अ‍ॅसिटेटवरचं पॉलिश ही खरी कारागिरी आहे. ज्याला ती कळते आणि परवडते त्याने तिचा आनंद जरूर घ्यावा. पण किमतीतला मोठा भाग नावाच्या परवान्याचा, जाहिरातीचा आणि भारी भाड्याच्या शोरूमचा असतो, हेही तितकंच खरं. बारा हजारांच्या फ्रेममध्ये दोन हजारांच्या फ्रेमच्या सहापट टिकाऊपणा नसतो. महाग फ्रेम घेताना मी एक प्रश्न सगळ्यांत वर ठेवीन: दोन वर्षांनी काडी तुटली तर त्याच रंगाची सुटी काडी मिळेल का, आणि कोण मागवून देईल? हे उत्तर ठाम असेल तर त्या जास्तीच्या पैशाला अर्थ आहे. तसं नसेल, तर पॅरिसचं नाव असलेली फ्रेम एका पिनेअभावी कपाटात पडून राहील.

नकली मालाबद्दल मात्र कसलीही सूट देऊ नये. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून नामांकित ब्रँडची अक्षरं छापलेली जी फ्रेम विकली जाते, तिच्यात देश, ब्रँड आणि दर्जा या तिन्ही गोष्टी खोट्या असतात, आणि तक्रार करायला समोर कोणीच नसतं. काडीवरची ‘सीई’ ही खूण बघून काही जण माल खात्रीचा समजतात, काही जण तिचा अर्थ ‘चायना एक्स्पोर्ट’ असा लावतात. दोन्ही चुकीचं आहे. युरोपीय नियमांप्रमाणे वस्तू बनवली आहे, असं बनवणाऱ्याने स्वतः केलेलं ते विधान असतं, त्यातून देश कळत नाही. देश कळण्याची हक्काची जागा म्हणजे आयात केलेल्या पॅकबंद मालावरची चिठ्ठी. वैधमापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे तिच्यावर मूळ देश, आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असावी लागते. ऑनलाइन विक्रीत मूळ देश सांगण्याचं बंधन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी घातलं आहे. दुकानात फ्रेम्स ट्रेमध्ये सुट्या मांडलेल्या असतात, म्हणून तिचं मूळ पाकीट किंवा खोकं बघायला मागावं. पक्क्या बिलावर फ्रेमचं मॉडेल, साहित्य आणि काचेचा प्रकार वेगवेगळे लिहून घ्यावेत. दुकानदाराने ‘इटालियन’ म्हणून विकलेली फ्रेम तशी निघाली नाही, तर हे बिल हातात असताना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

शेवटी खिशाचा हिशोब. चष्म्यासाठी पाच हजार रुपये बाजूला काढले असतील, तर सगळ्यात आधी डोळ्यांची नीट तपासणी आणि नंबराची खातरजमा, मग चांगल्या काचा, आणि उरलेल्यात फ्रेम, असा क्रम ठेवावा. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. फ्रेमवर पैसे उधळून झाल्यावर काच ‘साधीच घाला’ म्हटलं जातं. फ्रेमपुरतं बोलायचं तर, जवळच्या चांगल्या ऑप्टिशियनकडची दीड हजारांची व्यवस्थित बसणारी फ्रेम ही दूरच्या मॉलमधल्या सहा हजारांच्या फ्रेमपेक्षा रोजच्या वापरात सुखाची ठरते, कारण ती पुन्हा पुन्हा दाखवायला नेता येते. चष्मा मिळाल्यावर दोन आठवडे घालून बघा. नाकावर लाल वण पडतोय का, मान खाली घातली की सरकतोय का, एक कान दुखतोय का, ते लक्षात ठेवा आणि पुन्हा दुकानात जा. स्क्रू आवळणं, काडीचा कानामागचा बाक बदलणं, नोज पॅड अर्धा मिलिमीटर आत घेणं ही पाच मिनिटांची कामं आहेत. बहुतेक दुकानदार ती पैसे न घेता करतात, फक्त गिऱ्हाइकाने परत यायला हवं.